बसायला शिकवणारी प्रशिक्षक: महाविद्यालयाच्या मुलींच्या खो-खो संघाचा सराव

माझी मुलगी द्वितीय वर्षाला असून गेल्या वर्षापासून महाविद्यालयाच्या खो-खो संघात आहे. तिच्या संघाला शिकवते ती त्याच महाविद्यालयात एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी. गुडघ्याच्या दुखापतीमुळे तिचे स्वतःचे खेळणे सुटले, मैदान मात्र सुटले नाही. ती कोणतेही मानधन न घेता आठवड्यातून पाच दिवस सकाळी सव्वासहा ते आठ सराव घेते. सगळ्या मुली तिला ताई म्हणतात. पालक म्हणून वर्षभर मैदानाच्या कडेला उभे राहून जे पाहिले, त्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला आणि महिला संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती, त्यामुळे नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी खांबावर सूर मारायचा असतो. ताई त्यांना पाटीवर, म्हणजे मैदानावरच्या आडव्या पट्टीवर, बसवते. आक्रमणाच्या वेळी नऊ जणींपैकी एकच धावत असते आणि बाकीच्या आठ जणी चौकोनात बसलेल्या असतात. तेव्हा ९ मिनिटांच्या डावातला बहुतेक वेळ बसण्यातच जातो आणि सामना तिथेच हातचा जातो, असे तिचे म्हणणे आहे. सुरुवातीला मला हे जरा अतिच वाटले होते.

एके सकाळी तिने रांगेमागून फिरत प्रत्येकीच्या टाचेखाली जुने पोस्टकार्ड सरकवून पाहिले. कार्ड सहज सरकले, तर वजन चवड्यावर आहे आणि मुलगी खो मिळताच सुटू शकते. अडकले, तर ती आधी टाच उचलणार, मग उठणार आणि तेवढ्यात समोरची संरक्षक दोन पाट्या पुढे गेलेली असणार. माझ्या मुलीचे कार्ड तीन दिवस अडकत होते. चौथ्या दिवशी ते सरकले, तेव्हा ताई फक्त ‘हं’ म्हणाली आणि पुढच्या मुलीकडे गेली. घरी मात्र त्या ‘हं’चे कौतुक रात्रीपर्यंत चालले होते!

खो मिळण्याआधी उठण्याची सवय मोडण्यासाठी ती स्वतः आक्रमक होऊन, दुखरा गुडघा सांभाळत, रांगेमागून चालत येते आणि पाठीशी थबकून काहीच न बोलता पुढे निघून जाते. उतावळी मुलगी तेवढ्यात उठलेली असते. फाउल दिला गेला की आक्रमकाला उलट दिशेने जावे लागते आणि हाताशी आलेला गडी निसटतो, हे नियमपुस्तिकेतून सांगितले असते तर मुलींनी मान डोलावली असती इतकेच. इथे मात्र चुकणारीला सगळ्या हसतात आणि ती पुन्हा सहसा चुकत नाही.

उणिवाही आहेत. संरक्षणाचा सराव तुलनेने कमी होतो. साखळी पळती (बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळणे) आणि गोल पळती (काही बसलेल्या मुलींभोवती गोल पळणे) यांतला फरक कळला, तरी कोणत्या वेळी एकीतून दुसरीत जायचे हे अजून बऱ्याच जणींना उमगत नाही. सराव संपल्यावर अंग मोकळे करण्याचे व्यायाम घाईत उरकले जातात. ताईची स्वतःची परीक्षा आली की सराव जवळजवळ बंद पडतो, अर्थात त्यासाठी तिला दोष देणे बरे नव्हे. खरी तक्रार महाविद्यालयाकडे आहे: मैदानावरचे खडे मुलींनाच वेचावे लागतात, प्रथमोपचाराची पेटी ताई घरून आणते आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला संघासोबत जाताना तिने प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून केला. सूचना फलकावर लागलेल्या संघाच्या यादीत तिचे नावही नव्हते. निदान तेवढे तरी छापायला पैसे पडत नाहीत.

ज्यांच्या मुली यंदा प्रवेश घेत आहेत, त्यांनी या सरावाला मुलीला जरूर पाठवावे. सोबत पाण्याची बाटली आणि गुडघ्यांची पट्टी द्यावी, आणि पहिले काही दिवस धावायला मिळणार नाही, याची तिला आधीच कल्पना द्यावी.