डक्टवालीच चिमणी घ्या, घरात दमा असेल तर नक्कीच

किचनची चिमणी घेऊन आता दिवाळीचा फराळ आणि अख्खा पावसाळा दोन्ही झालेत म्हणून नीट लिहिते. 60 सेंमीची, बॅफल फिल्टरवाली, म्हणजे तेल अडवणाऱ्या वाकड्या पट्ट्यांची जाळी असलेली. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण या रेंजमधल्या बऱ्याचशा सारख्याच, खरा फरक बसवण्यात पडतो.

आमच्याकडे सासूबाईंना दमा आहे, पंप रोजचा. आणि घरात ठेचा, सुके बोंबील, लाल मिरचीची फोडणी हे सगळं होणारच ना. मिरचीच्या खाटाने आपल्याला ठसका लागतो आणि दोन मिनिटांत जातो, दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आवळतात, मग छातीत शिट्टी वाजायला लागते आणि रात्र सगळी बसून जाते. दुसरं म्हणजे गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तो दिसत नाही पण दमा वाढवतो. चुलीपेक्षा सिलेंडर कितीतरी बरा हे शंभर टक्के खरं, गावाकडे आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बायकांना सीओपीडी (फुफ्फुसाचा कायमचा दम लागण्याचा आजार) झालेला बघितलाय, सगळा चुलीचा धूर. पण म्हणून फ्लॅटमध्ये खिडक्या लावून तळण काढायचं असं नाही.

दुकानात आम्हाला डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, नसलेली गळ्यात मारत होते, भिंत फोडायला नको म्हणून. ती घेऊ नका. तिच्यात तेल जाळीत अडकतं, वास कार्बन फिल्टर थोडेफार दिवस धरतो, बाकी वाफ आणि गॅस परत किचनमध्येच. डक्टवाली ते बाहेर टाकते. पाइप 6 इंची घ्या, वळणं कमीत कमी ठेवा, शेगडीपासून उंची 65 ते 75 सेंमी. आणि पाइपच्या बाहेरच्या तोंडाला झडप नक्की लावून घ्या नाहीतर कबुतरं घर करतात, त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुफ्फुसाचा वेगळाच आजार होतो, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, तो दम्यापेक्षाही वाईट.

रिझल्ट छान आहे. फोडणीचा खाट आता हॉलपर्यंत येत नाही आणि सासूबाई स्वयंपाक चालू असताना डायनिंग टेबलवर मेथी निवडत बसतात, आधी दार लावून आत असायच्या. मला याचाच सगळ्यात जास्त आनंद आहे. पंप मात्र चालूच आहे, तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही बंद करू नका.

वाईट काय, तर फुल स्पीडला आवाज खूप, एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. पुढच्या बर्नरचा धूर निसटतो म्हणून फोडणी, तळण मागच्या बर्नरवर करा. शेगडी पेटवायच्या आधी चालू करा, नंतर दहा मिनिटं राहू द्या, खिडकी थोडी किलकिली ठेवा कारण हवा आत आल्याशिवाय बाहेर कशी जाणार. जाळ्या गरम पाणी आणि सोड्याने घासायच्या, कंटाळवाणं काम आहे पण केलं नाही तर ओढ कमी होते.

अजून एक. चिमणी फक्त शेगडीवरचं ओढते. बेडरूममध्ये कॉइल लावत असाल तर तिथे चिमणीचा काही उपयोग नाही, 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके पीएम 2.5 (फुफ्फुसात खोलवर जाणारे अतिबारीक) कण निघाल्याचं दिसलं होतं. आम्ही कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली, धूप पण गॅलरीत.

घ्यायची असेल तर भिंतीला भोक पाडायची सोसायटीची परवानगी आधी काढून ठेवा, मशीन येऊन पडतं आणि काम अडतं.