‘पिल्लं आम्हीच परत घेऊ’ म्हणणाऱ्या लव्ह बर्डवाल्यांपासून सावध

पाचोरा-भडगाव पट्ट्यात बचत गटाच्या बैठकीला कोणी पिंजरा घेऊन आला आणि ‘ताई, लव्ह बर्डच्या जोड्या घ्या, पिल्लं आम्हीच परत घेऊ’ म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आमच्या गटाचे पन्नास हजारांच्या आसपास रुपये या एका वाक्यावर गेले. जोड्यांचे 36,000, आणि वर जाळी, अंडी घालायची मडकी, दाण्याचं पोतं हा सगळा खर्च वेगळा.

योजना ऐकायला गोड होती. बजरीगरची, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला लव्ह बर्ड म्हणतात त्या पक्ष्याची, ‘तयार ब्रीडिंग जोडी’ 1,800 रुपयांना. अशा वीस जोड्या गटाने मिळून घ्यायच्या. पिल्लू सहा आठवड्यांचं झालं की कंपनी दारात येऊन 350 रुपयांना उचलणार. जोडीमागे वर्षाला वीस पिल्लं, असं त्याने मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर गुणाकार करून दाखवलं आणि मोबाइल बायकांच्या हातात फिरवला. आमच्यातल्या एकीने कडकनाथचा विषय काढला. 2019 साली कोंबड्यांच्या अशाच परत-खरेदीच्या योजनेत राज्यभरातले शेतकरी बुडाले, हे खान्देशात कोणाला माहीत नाही? त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. ‘ताई, कोंबडी खायची वस्तू, तिचा भाव पडतो. हा शोभेचा पक्षी, हौसेला मोल नसतं.’ माझ्या सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. ‘पाखरं इकीसन कोनं घर चालस व माय?’ (पाखरं विकून कोणाचं घर चालतं?) एवढंच म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

आता हिशोब बघा. जळगावच्या दुकानात बजरीगरची जोडी गिऱ्हाइकाला पाच-सहाशेत मिळते. म्हणजे एक पक्षी अडीचशे-तीनशेचा, तोही दुकानदाराचा नफा धरून. मग हा माणूस त्याच पक्ष्याचं पिल्लू आपल्याकडून 350 ला घेऊन विकणार कोणाला? दुकानदार घेणार नाही, हौशी माणूस घेणार नाही. घेणारा एकच, पुढच्या गावातला पुढचा गट, ज्याला तीच पिल्लं 1,800 रुपये जोडीने ‘तयार’ म्हणून द्यायची. पुढचा गट मिळेनासा झाला की सगळं थांबणार. पक्षी कितीही चांगले पाळले तरी यात फरक पडत नाही, कारण धंदा पिल्लांचा नव्हताच, जोड्यांचा होता.

आणि त्या जोड्याही जोड्या नव्हत्या.

बजरीगरमध्ये नर-मादी ओळखायची खूण चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवतीच्या मऊ गादीवर असते. पाळणारे तिला सरळ ‘नाक’ म्हणतात. मोठ्या नराचं नाक निळं, मोठ्या मादीचं तपकिरी. पण पक्षी लहान असेल तर घोळ होतो. कोवळ्या नराचं नाक गुलाबी-जांभळट असतं आणि कोवळ्या मादीचं फिकट निळसर, नाकपुडीभोवती पांढरट कडं असलेलं. नवख्याला ती फिकट निळाई दाखवून ‘हा बघा नर’ म्हणून खपवता येतं. पूर्ण पिवळे आणि पूर्ण पांढरे लाल डोळ्यांचे नर तर मोठे झाल्यावरही गुलाबी-जांभळ्या नाकाचेच राहतात, त्यामुळे त्यांच्यात आणखी गोंधळ. आमच्या कितीतरी पिंजऱ्यांत दोन्ही माद्याच निघाल्या.

हे कळलं अंड्यांवरून. मादी एक दिवसाआड एक अंडं घालते, एका वेळी साधारण चार ते सहा. आमच्या एका मडक्यात रोज अंडं दिसायला लागलं आणि नऊ अंडी झाली. बायका खूश! मी ती संध्याकाळी मोबाइलच्या बॅटरीसमोर धरून बघितली. आठवडाभर ऊब मिळालेलं अंडं फळलेलं असेल तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं, कोळिष्टकासारखं बारीक. ही सगळी काचेसारखी स्वच्छ. दोन माद्या एकाच मडक्यात घालत होत्या आणि दोघी मन लावून उबवतही होत्या. अठरा दिवस उलटले, काही नाही. फोन केला तर तो म्हणाला, ‘दाणा बदला ताई, शेवग्याचा पाला घाला, समुद्रफेण टांगा.’ शेवगा आणि समुद्रफेण चांगलेच, पण त्याने मादीचा नर होत नाही.

काही माद्या म्हाताऱ्या होत्या, त्या वेगळ्याच. तपकिरी नाकावर खडबडीत खपल्या, नखं वाढलेली, मडक्यात जायचं नावच नाही. नुसती तपकिरी गादी दोष नाही, वीण धरलेल्या मादीचं नाक तसं होतंच. पण तिच्याबरोबर दबलेली पिसं आणि सुस्ती दिसली तर ती मादी कोणाच्या तरी शेडमध्ये पिळून काढून मग तुमच्याकडे आली आहे असं समजा. अगदी कोवळा पक्षी मात्र सहज ओळखता येतो. त्याच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट नाकापर्यंत येतात आणि डोळा पूर्ण काळा दिसतो. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं झडली की रेघा मागे सरकतात, पुढे बुबुळाभोवती पांढरं कडं येतं. विणीला घालायचा पक्षी वर्षाचा असलेला बरा. रेघा नाकापर्यंत असलेल्याला ‘तयार’ म्हणणारा सरळ खोटं बोलतोय.

तरी थोड्या जोड्या खऱ्या होत्या आणि त्यांना पिल्लं झाली. पहिली पिल्लं त्याने नेली, रोख पैसे दिले, आणि पैसे हातात धरलेला आमचा फोटो काढला. आम्हाला आधी त्याने भडगावकडच्या बायकांचा असाच फोटो दाखवला होता. आमचा फोटो नंतर एरंडोलच्या नातेवाइकांनी मला पाठवला, ‘तुम्ही यात आहात ना?’ म्हणून. तोवर तिकडच्या गटाला जोड्या विकून झाल्या होत्या.

दुसऱ्या खेपेपासून रिंगेचं प्रकरण सुरू झालं, आणि लबाडीचा खरा कस मला तिथेच दिसला. करारात दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की कंपनीची बंद रिंग पायात असलेलीच पिल्लं परत घेतली जातील आणि रिंगा कंपनी पुरवेल. वाचताना त्यात वावगं काही वाटत नाही. पण बंद रिंग अखंड असते, ती पिल्लू पाच ते दहा दिवसांचं असतानाच चढते. लांब बोटं पुढे जुळवून रिंगेत ओवायची, सगळ्यात लहान मागचं बोट पायाला दाबून धरायचं, रिंग वर सरकवायची आणि ते बोट काडीने अलगद सोडवायचं. दोन आठवड्यांच्या पुढे पंजा एवढा मोठा होतो की रिंग जातच नाही, जोर केला तर पाय मोडतो. आमच्या रिंगा पिल्लांना पिसं फुटल्यावर आल्या. प्रत्येक वेळी. ‘कुरिअरवाल्याने उशीर केला’, ‘यंदाच्या सालाच्या रिंगा संपल्या’. मग पिल्लं न्यायला आलेला पोऱ्या मान हलवून सांगायचा, ‘रिंग नाही तर माल नाही, ताई.’ शेवटी ती पिल्लं आम्ही आठवडी बाजारात मिळेल त्या भावाने विकली.

मे महिन्यात उरलेसुरले गेले. जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि हा सांगून गेला होता की पक्षी मूळ ऑस्ट्रेलियाचा, उन्हाला दाद देत नाही. तिकडचा रानातला पक्षी पाण्याकडे, सावलीकडे उडून जातो. पत्र्याच्या खोलीतला कुठे जाणार? चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले, आणि दुपारी चारला पिंजऱ्याच्या तळाशी. गोणपाटं भिजवून लावली, कूलर लावला, तरी ते वाचले नाहीत. मेलेल्या पक्ष्याची जबाबदारी पाळणाऱ्याची, हेही करारात होतंच.

पैशांसाठी तगादा लावला तेव्हा त्याने वेगळीच खेळी केली. रोख नाही म्हणाला, बदल्यात ‘पहाडी पोपटाची’ पिल्लं देतो, एकेक तीन हजाराला जाईल. खोक्यात चार पिल्लं आणली, खांद्यावर पहाडीची खूण असतो तसा लाल डाग. मी बोटाला खोबरेल तेल लावून डाग चोळला, बोट लाल झालं. ढोलीतून काढलेली साध्या राघूची पिल्लं होती ती. आणि खरी पहाडी असती तरी काय? राघू असो की पहाडी, आपले देशी पोपट पकडणं, पाळणं, विकणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ती घेतली असती तर फसवलेल्या आम्ही राहिलो नसतो, आरोपी झालो असतो आणि तक्रारीचं तोंड कायमचं बंद झालं असतं. मला वाटतं त्याला हवं होतं तेही हेच. असा पोपट कोणी विकायला आणला तर वन विभागाचा 1926 नंबर लावा.

आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगाकडेही अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. कंपनीचा वकील म्हणतो, तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही. पण पोट भरण्यासाठी स्वतः राबून केलेला रोजगार असेल तर कायदा त्याला धंदेवाईक खरेदी मानत नाही. म्हणून गटाच्या ठरावात ‘सदस्यांच्या स्वयंरोजगारासाठी’ हे शब्द असलेले आम्हाला कामी येत आहेत. सोबत बँकेचा उतारा, रिंगेच्या पाकिटावरची कुरिअरची तारीख आणि पिल्लांचे रोजचे फोटो जोडले आहेत. रिंगा उशिरा आल्या हे त्या तारखेवरूनच दिसतं, त्यामुळे पाकिटं फेकू नका.

तोच माणूस आता शहाद्याकडे कॉकटेलच्या, म्हणजे कॉकाटिल पोपटाच्या, जोड्या घेऊन फिरतोय, असं ऐकते. भाव मोठा, बाकी बोलणं तेच. तुमच्याकडे आला तर सही करण्याआधी करारनाम्याची कोरी प्रत घरी न्यायला मागा. आम्हाला ती पैसे भरल्यावरच हातात मिळाली होती.