नवी आवृत्ती: लगेच उडी मारावी की थांबावं?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमची (टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र घेऊन, फासे टाकत खेळायच्या खेळाची) नवी आवृत्ती आली की गटात दोन पक्ष पडतात. एकाला पुस्तक आजच हवं असतं, दुसरा म्हणतो, ‘बघू, जरा स्थिरावू दे.’ दुसरा पक्ष शहाणा वाटतो खरा, पण नेमकं काय स्थिरावण्याची वाट बघायची, हे तो सहसा सांगत नाही. सगळा निर्णय मात्र त्यावरच ठरतो.

आधी लगेच घेणाऱ्यांचं बघू. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाची सुधारित पुस्तकं एकदम आली नाहीत. प्लेयर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ मध्ये आलं, डंजन मास्टर्स गाइड नोव्हेंबरमध्ये आणि मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे राक्षसांचं पुस्तक, थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये. ज्यांनी पहिल्याच महिन्यात खेळ सुरू केला, त्यांची पात्रं नवी आणि राक्षस जुने, २०१४ च्या पुस्तकांतले. त्या काळात ‘लढाया फारच सोप्या झाल्या’ असं मत बनवणं म्हणजे अर्ध्या खेळावरून पूर्ण खेळाला गुण देणं. आवृत्ती टप्प्याटप्प्याने येत असेल तर राक्षसांचं पुस्तक हातात येईपर्यंत तरी निकाल राखून ठेवावा.

पण तिन्ही पुस्तकं आली की झालं, असंही नाही. याच खेळाच्या चौथ्या आवृत्तीची तिन्ही मुख्य पुस्तकं जून २००८ मध्ये एकत्रच आली होती. तरी लढाया रेंगाळतात ही तक्रार राहिलीच, आणि राक्षसांचं गणित नीट बसलं ते २०१० च्या मॉन्स्टर मॅन्युअल ३ मध्ये. तिसरी आवृत्ती २००० ची, आणि तिची दुरुस्त ३.५ आली २००३ मध्ये. म्हणजे आधी घेणाऱ्यांना तीन वर्षांत पुन्हा खिशात हात घालावा लागला. थांबणाऱ्यांच्या बाजूने हा सगळ्यात भक्कम पुरावा.

मग थांबण्यात तोटा काय? पहिला म्हणजे शेवटची, पक्की आवृत्ती अशी काही नसतेच. पाथफाइंडर या दुसऱ्या एका रोलप्लेइंग गेमची दुसरी आवृत्ती २०१९ ची. २०२३ च्या अखेरीस तिची रीमास्टर, म्हणजे सुधारून पुन्हा काढलेली, पुस्तकं येऊ लागली. ‘सगळं पक्कं झाल्यावर घेऊ’ म्हणत बसलेल्याने मधली चार वर्षं नुसती चर्चा केली, आणि तीही न खेळता. दुसरा तोटा मला जास्त मोठा वाटतो: थांबलेला माणूस मत बनवायचं थांबत नाही. तो नियम वाचतो आणि वाचूनच निकाल देतो.

वाचणं आणि खेळणं यांत किती फरक पडतो, याचं उदाहरण २०२४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या वेपन मास्टरीत (शस्त्रांच्या खास करामतींत) सापडतं. ‘टॉपल’ कागदावर झकास दिसतं: वार लागला की समोरचा आडवा पडू शकतो. टेबलावर मात्र प्रत्येक लागलेल्या वारामागे एक सेव्हिंग थ्रो (परिणाम टाळता येतो का हे बघायला टाकलेला फासा) येतो. दोन-तीन वार करणारा फायटर (लढवय्या पात्र) असला की डीएमचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरचे, फासे थांबत नाहीत. कुणाला ती मजा वाटेल, कुणाला कटकट. वाचून हे कळत नाही.

चाचणीही पात्राच्या योग्य लेव्हलला हवी. आता सगळे सबक्लास (पात्राच्या खास शाखा) तिसऱ्या लेव्हलला मिळतात, त्यामुळे पहिल्या लेव्हलच्या एका संध्याकाळच्या खेळावरून फारसं काही ठरवता येत नाही. पाचव्या लेव्हलचा वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारा खेळ) खेळा. एक्स्ट्रा अटॅक (एका वेळी जादा वार) आणि तिसऱ्या लेव्हलचे स्पेल (मंत्र; त्यांची लेव्हल पात्राच्या लेव्हलपेक्षा वेगळी) तिथे येतात आणि खेळाचा खरा वेग दिसतो. त्यासाठी लगेच खर्च करायलाही नको. पाथफाइंडरचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर अधिकृत परवानगीने मोफत वाचता येतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सचेही मूलभूत नियम फुकट मिळतात, फक्त सगळे सबक्लास आणि स्पेल त्यांत नाहीत.

माझा कौल असा. कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी मोठी कथा) ऐन रंगात असेल तर थांबा, ते संपू द्या, आणि मधल्या एखाद्या सुट्टीत वन-शॉट करून बघा. नवं कॅम्पेन सुरू होणार असेल आणि राक्षसांचं पुस्तक आलेलं असेल, तर नवीच आवृत्ती घ्या. एराटाची (छापील चुकांच्या दुरुस्त्यांची) वाट बघू नका, ते येतच राहतात. गट पहिल्यांदाच खेळत असेल तर प्रश्नच नाही, त्यांना जुन्या सवयी मोडायच्या नाहीत.

फक्त जुन्या-नव्या नियमांचं अर्धंमुर्धं मिश्रण टाळा. २०१४ चा काउंटरस्पेल (समोरच्याचा मंत्र हाणून पाडणारा मंत्र) तिसऱ्या किंवा खालच्या लेव्हलचा स्पेल हमखास उडवतो. २०२४ मध्ये समोरच्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे पात्राच्या काटकपणावरचा सेव्हिंग थ्रो, मिळतो. एकाच टेबलावर दोघांकडे एकाच नावाचे दोन वेगळे स्पेल असले की भांडण ठरलेलं.

आणि खर्चाचा विचार करताना खेळाडू आणि डीएम यांना एका तराजूत तोलू नका. खेळाडूचं एका पुस्तकात भागतं, तेही अनेकदा गटात मिळून एकच. डीएमला तिन्ही लागतात, शिवाय तयार केलेल्या लढाया पुन्हा जुळवाव्या लागतात. त्यामुळे मतदान घेतलंच, तर डीएमच्या नकाराला बाकीच्यांच्या होकारापेक्षा जास्त वजन द्या.