किनाऱ्यावरच्या एसीची कूलिंग कॉइल: जोडायची, बदलायची की एसीच नवा?

मार्चमध्ये गॅस भरला आणि मे संपायच्या आत एसीतून पुन्हा पंख्यासारखी हवा. मेकॅनिक म्हणतो, "कूलिंग कॉइल गेली, बदलावी लागेल." कूलिंग कॉइल म्हणजे खोलीतल्या इनडोअर युनिटमधली, हवा गार करणारी नळ्यांची जाळी. मालवण, वेंगुर्ले, गुहागर, हर्णै अशा समुद्राला चिकटून असलेल्या गावांत चार-पाच वर्षांच्या एसीच्या बाबतीतही हे ऐकावं लागतं. पुढे चार रस्ते असतात: आहे ती कॉइल जोडून घ्यायची, कंपनीची नवी मागवायची, बाजारात तांब्याची बनवून घ्यायची, नाहीतर एसीच बदलायचा. यातला कुठला परवडेल हे गळती नेमकी कुठे आहे आणि कशाने झाली यावर ठरतं. कॉइलची किंमत नंतर येते.

आधी गळती पक्की करा

खारा वारा थेट खातो ती बाहेरची कॉइल, म्हणजे कंडेन्सर, आणि किनाऱ्यावर बहुतेक वेळा आधी तीच जाते. म्हणून "आतली गेली" हे नुसत्या अंदाजावर मानू नका. उरलेला गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेऊन तिथले दोन्ही सर्व्हिस व्हॉल्व्ह बंद करायला सांगा. मग इनडोअरला तांब्याचे पाइप जोडणारे फ्लेअर नट सोडवायचे, एका टोकाला बूच, दुसऱ्याला गेज, आणि आत कोरडा नायट्रोजन. आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसच्या मशीनला ३०० ते ३५० पीएसआय दाब पुरे होतो. इनडोअरच्या प्लेटवर कमाल दाब लिहिलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. साबणाचा फेस लावून बघायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं.

सकाळी काटा थोडा खाली आला म्हणून लगेच कॉइलला दोष देऊ नका. संध्याकाळी ३५० असलेला दाब पहाटे खोली ६ अंशांनी गार झाली की ३४३ च्या आसपास येतो, तो गारठ्याचा परिणाम. ३०० वर आला तर मात्र गळती आहे. नायट्रोजन नाही म्हणून कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर लावायला निघाला, तर काम तिथेच थांबवा. आतल्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला की स्फोट होऊ शकतो.

या चाचणीत पुष्कळदा कॉइल निर्दोष सुटते आणि दोषी सापडतो तो फ्लेअर नट. नट पितळी असतो आणि अमोनियाच्या वाफेने त्याला केसासारखी चीर जाते. सुक्या मासळीची वखार शेजारी असेल किंवा अमोनियाचं क्लीनर रोज वापरात असेल, तर आधी नटांकडे बघा. दोन नट आणि नवं फ्लेअर, म्हणजे पाइपाचं पसरवलेलं तोंड, एवढ्यावर काम भागतं.

पांढरी भुकटी की काहीच दिसत नाही?

कॉइलच गळत असेल तर पुढचं कव्हर काढून टॉर्चने बघा. किनाऱ्यावर दोन प्रकारचा गंज आढळतो आणि निवड त्यावरून बदलते.

पहिला डोळ्यांना दिसतो. तांब्याची नळी, तिच्यावर ॲल्युमिनिअमच्या पात्या, आणि दोन्हींवर खारं पाणी. या जोडीत ॲल्युमिनिअम आधी झिजतं. पात्यांच्या मुळाशी पांढरी भुकटी साठते आणि बोट लावलं की पाती पापडासारखी मोडते. खिडक्या समुद्राकडे उघडणारी घरं आणि दुपारी-रात्रीच एसी लावायची सवय असेल तिथे हे जास्त, कारण उरलेल्या वेळात खारी हवा ओल्या कॉइलवर बसते. एसी सतत चालला तर गळणारं पाणीच मीठ धुऊन नेतं.

दुसरा प्रकार फसवा. पात्या चकचकीत, तांबं जवळजवळ स्वच्छ, आणि तरी गॅस जातो. ओलावा आणि हवेतली सेंद्रिय आम्लं, मुख्यतः फॉर्मिक आणि ॲसेटिक, मिळून तांब्यात मुंगीच्या वारुळासारखी वेडीवाकडी भोकं पाडतात. नव्या एसीच्या नळीची भिंत साधारण पाव मिलिमीटर जाडीची, तिला पोखरायला फार काळ लागत नाही. ही आम्लं घरातूनच येतात: नवा रंग, प्लायवूड आणि त्याचा गोंद, व्हिनेगर, लाकडाचा धूर. पडवीत नारळाची सोडणं घालून पेटवलेला पाण्याचा बंब आणि त्याच भिंतीपलीकडे एसीची खोली, अशी रचना कोकणात पुष्कळ घरांत आहे. तिथे अशा गळतीचा संशय आधी घ्यावा.

तिसरा एक बारीकसा मुद्दा: तांबं काळंकुट्ट पडलं असेल तर ड्रेन पाइप कुठे सोडलाय ते बघा. थेट गटारात किंवा शोषखड्ड्यात सोडला असेल तर तिथला सडक्या अंड्याच्या वासाचा वायू पाइपातून उलटा वर येतो आणि तांबं काळं करतो. अशा घरात नवी कॉइल बसवली तरी तीही काळी पडणार.

जोडून घेणं

गळती बाजूच्या यू-बेंडवर, म्हणजे नळीच्या वळणावर, पात्यांच्या बाहेर असेल आणि बाकी कॉइल ठणठणीत असेल, तर जोडून घेणं चांगला सौदा. तांब्याला तांबं फॉस्फरस-कॉपरच्या सळीने जोडतात. ही तापवून जोडणी, म्हणजे ब्रेझिंग, चालू असताना नळीतून हळू नायट्रोजन सोडलेला हवा, नाहीतर आत काळी पापुद्री धरते आणि ती पुढे कॉइलमध्ये गॅस बेताने सोडणाऱ्या बारीक नळीत (कॅपिलरी) किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकते. आर-३२ ज्वलनशील आहे, भडका सौम्य असला तरी. गॅस पूर्ण काढल्याशिवाय आणि खोलीची दारं-खिडक्या उघडल्याशिवाय बत्ती पेटवायची नाही.

गळती पात्यांच्या आत असेल तर मेकॅनिक ती नळी कापून 'बायपास' करतो. कॉइलचा तेवढा भाग कायमचा मेला. भर मेमध्ये चार दिवस काढायला ठीक, कायमचा उपाय नव्हे. आणि वारुळासारखी गळती असेल तर जोडण्यावर एक रुपयाही घालू नका: आज एक भोक बुजवलं तरी शेजारची दहा अर्धी पोखरलेली असतात. एपॉक्सी लावणं किंवा गळती बुजवणारं औषध गॅसबरोबर आत सोडणं, या दोन्हींना स्पष्ट नाही म्हणा. औषध घट्ट झालं तर व्हॉल्व्हच जातो.

कंपनीची कॉइल की बनवून घेतलेली?

कंपनीची कॉइल मॉडेल नंबरवर येते. क्लिपा, सेन्सरची जागा, ड्रेन ट्रेचा आकार सगळं जुळतं. वेळ लागतो, विशेषतः हंगामात. गाडी मुंबई-पुण्याहून येणार असते आणि जुन्या मॉडेलचं तर उत्तरच येत नाही. मागवताना इनडोअरच्या प्लेटवरचा पूर्ण नंबर द्या, शेवटच्या अक्षरासकट, कारण एकाच नावाच्या एसीत दरवर्षी कॉइल बदललेली असू शकते.

बनवून घेतलेली कॉइल बहुधा 'थ्री-एट', म्हणजे साडेनऊ मिलिमीटर नळीची असते. नळी जाड, त्यामुळे "ही कधी गळणार नाही" अशी खात्री दिली जाते. गळतीपुरतं त्यात तथ्य आहे. पण आताच्या एसीत ७ किंवा ५ मिलिमीटरच्या नळ्या असतात. ७ च्या जागी साडेनऊची नळी घातली की आतली जागा पावणेदोन पट होते. गॅस जास्त लागतो, प्लेटवर लिहिलेलं गॅसचं वजन कामाचं राहत नाही, आणि कॅपिलरी मात्र जुन्याच हिशेबाची. फिक्स स्पीडच्या जुन्या एसीत अनुभवी हात हे सांभाळून नेतो. इन्व्हर्टर एसीत आम्ही हा रस्ता सुचवणार नाही, तिथे पीसीबी, म्हणजे कंट्रोल बोर्ड, कॉइलच्या सेन्सरवरून कॉम्प्रेसरचा वेग ठरवतो आणि सगळंच गणित हलतं.

आकारापेक्षा जास्त त्रास देतात ते गॅसचे मार्ग. कॉइलमध्ये गॅस दोन किंवा चार वाटांनी फिरतो. वाटा समान नसल्या की अर्ध्या पात्या गार आणि ओल्या, अर्ध्या कोमट आणि कोरड्या. कोमट भागातून आलेली दमट हवा ब्लोअरमध्ये गार हवेला भेटते, गार ब्लोअरवर आणि झडपांवर दव धरतं आणि पलंगावर पाण्याचे शिंतोडे उडतात. घाटावरच्या कोरड्या हवेत हाच दोष लपून जातो. कोकणच्या दमटपणात लगेच उघडा पडतो. बसवल्यावर १५ मिनिटांनी सगळ्या यू-बेंडना हात लावून बघा. सगळे सारखेच गार हवेत.

तांबं, ॲल्युमिनिअम आणि निळ्या पात्या

"ॲल्युमिनिअम गार करत नाही" हे बाजारातलं वाक्य खरं नाही. तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं हे खरं, पण पाव-अर्धा मिलिमीटरच्या भिंतीत तो फरक जाणवतही नाही. अडचण असते ती हवेकडून पातीपर्यंत. सगळी ॲल्युमिनिअमची कूलिंग कॉइल वारुळाच्या गंजाला दाद देत नाही आणि तिच्यात दोन धातूंचं भांडणही नाही. तिचा दोष वेगळा: मिठाने खड्डे पडले किंवा कडक आम्ल-सोड्याने धुतली की ती जाते, आणि एकदा गळली की जागेवर नीट जोडणारा मिळणं कठीण. शिवाय तिला तांब्याचा पाइप जिथे मिळतो तो सांधा प्लास्टिकच्या आवरणाखाली कोरडा राहायला हवा. आवरण फाटलं असेल तर नवी कॉइलसुद्धा परत करा.

निळ्या किंवा सोनेरी पात्या म्हणजे गंजाची हमी, असं समजू नका. आतल्या कॉइलचा निळा थर मुख्यतः पाणी पटकन ओघळावं यासाठी असतो. पत्र्यावर थर आधी चढवतात आणि पाती नंतर कापतात, त्यामुळे कापलेली कड आणि तांब्याची नळी उघडीच राहते. संपूर्ण कॉइल बुडवून चढवलेला थर निराळा. यू-बेंडसुद्धा त्याच रंगाचे दिसले तर तो. समुद्र घरातून दिसत असेल आणि असा पर्याय मिळत असेल, तर जादा पैसे तिथेच घाला. स्प्रेच्या डब्याने घरी मारलेला थर मात्र पात्यांच्या फटी बुजवतो आणि थंडावा घालवतो.

खरं सांगायचं तर धातू निवडायची संधी फार थोड्यांना मिळते. तुमच्या मॉडेलला कंपनी जे देते तेच. निवड उरते ती कॉइल आणि नवा एसी यांत.

मग ठरवायचं कसं?

आमचा हिशेब असा. कॉइल, गॅस, मजुरी, येण्या-जाण्याचा खर्च सगळं धरून आकडा नव्या एसीच्या ४० टक्क्यांच्या वर गेला तर दुरुस्ती सोडा. एसी पाच वर्षांच्या आतला असेल तर कंपनीची कॉइल. वॉरंटी कार्ड मात्र नीट वाचा: त्यावर 'कंडेन्सर' लिहिलं असेल तर ती बाहेरची कॉइल, कूलिंग कॉइल त्यात येतेच असं नाही. पाच ते आठ वर्षांच्या मधल्या एसीत आउटडोअरची जाळी काढा आणि मागच्या पात्यांवरून बोट फिरवा. भुकटी झाली असेल तर आत नवी कॉइल घालू नका. पुढच्या उन्हाळ्यात बाहेरची जाणार आणि गॅस पुन्हा भरावा लागणार. चिपळूण, खेड, सावंतवाडी अशा आतल्या गावांत बाहेरची बाजू बरीच टिकते, तिथे आठ वर्षांच्या एसीलाही नवी कॉइल परवडू शकते.

आर-२२ या जुन्या गॅसचा एसी असेल तर दुरुस्तीचा विचार नकोच. त्या गॅसचे नवे एसी आता देशात बनत नाहीत, आणि त्यात आर-३२ भरता येत नाही: दाब खूप जास्त आणि तेलही वेगळं. आर-२९० म्हणजे प्रोपेन, जवळपास स्वयंपाकाच्याच जातीचा गॅस. त्याच्या कॉइलचं काम फक्त कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडे.

बसवताना उभं राहून बघायच्या गोष्टी

नव्या कॉइलची बुचं काढताना आतून फुस्स आवाज यायला हवा. कारखान्यातून ती दाबाखाली भरून येते. आवाज आला नाही तर आधी नायट्रोजनची चाचणी, मग बसवणं. बुचं शेवटच्या क्षणी काढायची, कारण आर-३२ चं तेल हवेतला ओलावा शोषतं आणि जुलैत कोकणात ओलाव्याला तोटा नाही. फ्लेअरला तेलाचा थेंब, नट टॉर्क पान्याने: पाव इंचीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ५० ते ६०. नुसत्या जोरावर आवळलेला नट फ्लेअर चेपतो.

व्हॅक्यूम पंप किमान अर्धा-पाऊण तास आणि गेज ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूमचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) खाली. पंप बंद करून दहा मिनिटं थांबल्यावर आकडा १००० च्या वर चढू लागला तर आत ओलावा आहे किंवा गळती. "गॅस सोडूनच हवा काढतो" असं म्हणणाऱ्याला पंप आणायला लावा. गॅस काट्यावर तोलून, प्लेटवर लिहिलाय तेवढाच ग्रॅम. नुसत्या प्रेशरवर अंदाजाने भरलेला नको. कॉइलचा सेन्सर त्याच्या खोबणीत परत गेला का ते स्वतः बघा, हीच गोष्ट सर्रास विसरली जाते.

त्यानंतर ड्रेन पाइप गटारातून काढून उघड्यावर, झाडाच्या मुळाशी सोडा. सर्व्हिसला ॲसिड वॉश नको, साधं पाणी आणि मऊ ब्रश. जांभ्याची लाल धूळ तेवढ्यानेच निघते. एसी बंद करायच्या आधी अर्धा तास नुसता फॅन मोडवर चालवा म्हणजे कॉइल सुकते. आणि बंबाचा धूर त्या खोलीकडे येत असेल, तर बंब हलवायचा खर्च दुसऱ्या कॉइलपेक्षा कमीच येईल.