गूम्बा, कासव आणि बाउझर: घरच्या मुलांसाठी कोणता मारिओ घ्यायचा?

ताईचा प्रश्न साधा होता. "सुट्टीत मुलांना मारिओ घ्यायचाय. पण सगळ्या डब्यांवर तोच मिशीवाला आणि तीच लाल टोपी. यातला कुठला घेऊ?" ताई कर्वेनगरला राहते. भाची दहा वर्षांची, भाचा नुकताच सहाचा झालाय, आणि आईचा मुक्काम सध्या तिच्याकडेच आहे. मग मी लागोपाठ तीन शनिवार माझा स्विच, म्हणजे निंटेंडोचं गेम खेळायचं यंत्र, पिशवीत घालून तिच्याकडे गेले आणि तीन गेम सगळ्यांना खेळायला लावले. 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू डिलक्स' (२०१९), 'सुपर मारिओ ओडिसी' (२०१७) आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' (२०२३). ताईसारखाच प्रश्न पडलेले बरेच पालक असतील, म्हणून जे पाहिलं ते सविस्तर लिहिते.

तिन्ही गेम देखणे आहेत, संगीत तिन्हींचं छान आहे, आणि पळणं-उड्या मारणं सगळीकडे तेच. माझं मत असं की मारिओ निवडायचा तो त्याच्या शत्रूंवरून. गेली चाळीस वर्षं गूम्बा, कासवं, पाइपातून डोकावणारी चावरी रोपं आणि या सगळ्यांचा म्होरक्या बाउझर हीच मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात. एखादा गेम त्यांना कसं वागवतो आणि आपल्याला त्यांच्याशी कसं वागू देतो, यावर तो गेम कोणाला आवडेल हे ठरतं.

सदाशिव पेठेत आमच्या वाड्यात एकाच घरी टीव्ही गेम होता आणि एकाच कॅसेटवर आम्ही सातआठ मुलं तुटून पडायचो. गूम्बा हा शब्द तेव्हा कोणालाच माहीत नव्हता. तो 'मशरूम', कूपा म्हणजे 'कासव', वरून काटेरी अंडी फेकणारा लाकितू 'ढगवाला', आणि 'हातोडेवाले' तर सगळ्यांच्या शिव्यांचे धनी. नावं येत नव्हती, पण प्रत्येकाचा स्वभाव पाठ होता. हिरवं कासव कडेवरून सरळ खाली पडतं. लाल कासव कडेपर्यंत येतं आणि मागे फिरतं. पाइपला खेटून उभं राहिलं की आतलं रोप वर येत नाही. काळपट कवचाच्या किड्यावर आगीचा गोळा चालत नाही. हे कोणी शिकवलं नव्हतं, मरून मरून कळलं होतं.

१९८५ च्या त्या पहिल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला गूम्बा खरं तर सगळ्यात शेवटी जन्माला आला. कासव आधी तयार होतं. पण कासवावर उडी मारली की कवच उरतं, कवचाला लाथ मारली की ते भिंतीवर आपटून आपल्याच अंगावर परत येतं. नवख्या माणसाला पहिल्या पावलाला हे जड जात होतं, म्हणून एका उडीत संपणारा कोणीतरी हवा होता. तोवर कॅसेटमधली जागा जवळपास संपली होती. मग एकच चित्र डावीकडून उजवीकडे उलटवत राहिले आणि त्यातून गूम्बाची ती डुलत डुलत येणारी चाल झाली. त्याआधी १९८३ च्या आर्केडवरच्या 'मारिओ ब्रदर्स'मध्ये कासवावर उडी मारली तर मारिओच मरायचा, कासवाला खालून धक्का देऊन उलटं पाडावं लागे. म्हणजे 'डोक्यावर उडी मार' हा जो नियम आज सहा वर्षांच्या मुलाला जन्मजात वाटतो, तोसुद्धा कोणीतरी विचार करून बसवलेला आहे.

पुढे १९८८ च्या तिसऱ्या भागात बू आलं, माझं सगळ्यात लाडकं भूत. पाठ केली की मागे लागतं, तोंड वळवलं की दोन्ही हातांनी चेहरा झाकून जागच्या जागी थांबतं. साखळीला बांधलेला, दात विचकून झेप घेणारा काळा गोळा चेन चॉम्प, तोही त्याच भागातला. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो लहान असताना शेजारचा बांधलेला कुत्रा अंगावर आला आणि साखळी संपल्यामुळे ते वाचले, त्यातून हा सुचला. ज्याने पुण्याच्या गल्लीबोळांतून सायकलवर शाळा केली, त्याला ही भीती वेगळी समजावून सांगायला नको.

आता तिन्ही गेम.

'यू डिलक्स' हा सगळ्यात जुन्या वळणाचा. आमच्या वाड्यातली कोणीही मुलगी आज उठून थेट खेळायला बसली तर तिला काही विचारावं लागणार नाही. कासवं तशीच, रोपं तशीच, भुताच्या घरात बू तसंच. बाउझरचे सात शागीर्द, म्हणजे लॅरी, मॉर्टन, वेंडी, इगी, रॉय, लेमी आणि लुडविग, प्रत्येकाचा वेगळा मुक्काम आणि लढायची वेगळी तऱ्हा. भाचीला हे फार आवडलं. 'आता कोण येणार' म्हणून ती पुढच्या किल्ल्याची वाट बघायची. संगीतात मध्येच तो 'बाह बाह' असा आवाज येतो ना, त्यावर गूम्बा आणि कासवं क्षणभर थांबून ठेका धरतात. बारकीशी गोष्ट आहे, पण एकदा लक्षात आली की उडी त्या तालावर मारायचा मोह होतो.

पण दोघांनी मिळून खेळायला बसलात तर सावध. या गेममध्ये खेळणारे एकमेकांना धडकतात. एकाच्या डोक्यावर दुसरा उडी मारू शकतो, उचलून फेकू शकतो. पहिल्या शनिवारी अर्ध्या तासात भाचीने भावाला, चुकून की मुद्दाम ते देव जाणे, तीनदा खड्ड्यात ढकललं आणि चौथ्यांदा तो कंट्रोलर सोफ्यावर टाकून आजीकडे निघून गेला. लहान्याला नॅबिट नावाचं पात्र द्या, त्याला शत्रूंचा मार लागत नाही, असं मी सुचवलं आणि तसं दिलंही. पण खड्डा नॅबिटलाही सोडत नाही, आणि खड्ड्यापाशी उभी होती ती भाचीच. दोन मुलांचं आधीच पटत नसेल तर हा गेम घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. एकट्या खेळणाऱ्या, चिकाटीच्या मुलाला मात्र तो भरपूर पुरतो. वर त्यातच मारिओचा भाऊ लुइजी याचा वेगळा भाग आहे, तिथे प्रत्येक लेव्हलला १०० सेकंदच मिळतात. तो मोठ्यांनाही घाम फोडतो.

'ओडिसी'ची गोष्टच निराळी. इथे शत्रूवर नुसती उडी मारायची नाही, टोपी फेकून त्याच्यात शिरायचं. टोपी डोक्यावर बसली की गूम्बाला मिशी फुटते आणि तो आपल्या ताब्यात येतो. सुरुवातीलाच बेडूक होऊन उंच उड्या मारायच्या. पुढच्याच राज्यात चेन चॉम्प व्हायचं, मागे ओढून साखळी ताणायची आणि सोडून द्यायचं, की समोरचा दगड फुटलाच. जो कुत्रा इतकी वर्षं आपल्यावर धावून आला त्याच्या बाजूने बघितलं तर ती साखळी किती त्रासाची आहे ते हाताला जाणवतं.

गूम्बाचं तर या गेमने सोनं केलंय. एक गूम्बा होऊन दुसऱ्याच्या डोक्यावर उडी मारली की तो मरत नाही, दोघांची उतरंड होते. मग तीन, चार, पाच. बर्फावर मारिओ घसरतो, गूम्बा घसरत नाही. कुठेकुठे एक गूम्बीण उभी असते. मारिओ म्हणून जवळ गेलात तर ती थांबत नाही, पुरेशी उंच उतरंड घेऊन गेलात तर खूश होते. भाचीने अख्खी दुपार यात घालवली. एक गूम्बा खाली पडला की ती पुन्हा पहिल्यापासून रचायला घ्यायची, जेवायला हाका मारल्या तरी उठेना. दहाएक वर्षांच्या, 'असं केलं तर काय होईल' असं सारखं विचारणाऱ्या मुलांसाठी यापेक्षा चांगला मारिओ मला माहीत नाही. शेवटाकडे टोपीखाली कोण येतं ते मी सांगणार नाही, पण जुन्या खेळाडूंनी तो क्षण चुकवू नये.

यातल्या उणिवा दोन. गेम त्रिमितीत असल्यामुळे कॅमेरा आपणच फिरवायचा असतो, आणि भाच्याला तेच जमेना. मारिओ एकीकडे, नजर भलतीकडे. मदतीचा सोपा मोड आहे, त्यात दिशा दाखवणारे बाण येतात, तरी सहा वर्षांच्या मुलाला ते कष्टाचंच. दुसरं म्हणजे दोघांनी खेळायचं तर एकाला मारिओ आणि दुसऱ्याला फक्त टोपी मिळते. टोपी व्हायला लहान भावंडं दहा मिनिटं तयार असतात. शिवाय मधले बॉस म्हणजे बाउझरच्या लग्नाची तयारी करणारे चार ससे, ब्रूडल्स. ते मला लक्षात राहण्याजोगे वाटले नाहीत. सात शागिर्दांची सर त्यांना नाही.

तिसऱ्या शनिवारी 'वंडर' लावला आणि घरातलं वातावरणच बदललं. पुन्हा डावीकडून उजवीकडे पळायचं, पण शत्रूंना इथे चेहरे आहेत. गूम्बा घाबरतो, दचकतो, कुठे चक्क झोपलेला असतो. कासवं स्केट घालून सुसाट येतात. पहिल्याच जगातल्या एका लेव्हलमध्ये वंडर फुलाला, म्हणजे अख्खी लेव्हल बदलून टाकणाऱ्या फुलाला, हात लावला की पाइपातली रोपं पाइप सोडून रांगेने बाहेर पडतात आणि गाऊ लागतात. तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि पदराला हात तसाच धरून ते गाणं संपेपर्यंत उभी राहिली. "परत लाव," म्हणाली. पुढे कुठे कुठे आपणच गूम्बा होतो. उडीही धड मारता येत नाही, मोठ्या शत्रूंच्या नजरेआड लपत लपत सरकायचं. तेवढं झाल्यावर भाच्याने पुढच्या एका झोपलेल्या गूम्बाला न मारता वरून उडी मारली. "झोपलाय तो, मावशी."

भांडणंही थांबली, कारण इथे एकमेकांना धक्का लागत नाही. मेलेला खेळाडू काही सेकंद भूत होऊन तरंगतो, तेवढ्यात जोडीदाराने गाठलं की परत जिवंत. बारा पात्रं आहेत. त्यातले चारही योशी, म्हणजे मारिओचे डायनासोर दोस्त, आणि नॅबिट यांना शत्रूंचा मार लागत नाही, आणि योशीच्या पाठीवर दुसऱ्याला बसता येतं. भाचा पिवळा योशी झाला आणि ताईला पाठीवर घेऊन अख्खी लेव्हल पार केली. बाकीची पात्रं मात्र खेळायला सारखीच. लुइजीची उडी उंच आणि राजकन्या पीच तरंगत उतरणारी हवी असेल तर 'थ्रीडी वर्ल्ड' (२०२१) बघा, ती गंमत १९८८ च्या दुसऱ्या भागातून तिथे आली आहे.

'वंडर'मध्ये मला खटकलं ते बॉसचं. बाउझर स्वतःच एक उडता किल्ला झालाय, ही कल्पना जबरदस्त. पण सात शागीर्द गायब, आणि त्यांच्या जागी बाउझरचा मुलगा बाउझर ज्युनियर परत परत येतो. भाचीने दुसऱ्यांदाच विचारलं, "परत हाच?" तिचं बरोबर होतं.

ज्यांना जुना मारिओच हवाय त्यांनी यातलं काहीच घेऊ नये. निंटेंडोच्या ऑनलाइन सदस्यत्वात १९८५ चा पहिला, तिसरा भाग आणि योशी पहिल्यांदा आला तो १९९० चा 'वर्ल्ड' हे तिन्ही आहेत. मुलांना मात्र त्यांची सुरुवात करून देऊ नका, पहिल्या भागातल्या हातोडेवाल्यांपाशी हमखास सोडून देतील.

ताईला मी 'वंडर' घ्यायला सांगितलं आणि तिने घेतला. 'ओडिसी' भाचीच्या वाढदिवसाला मी देणार आहे, तिला तो एकटीला हवा. स्विचसोबत येणारे दोन जॉयकॉन, म्हणजे छोटे कंट्रोलर, आडवे धरून दोघांना पुरतात, तेव्हा लगेच वेगळा कंट्रोलर घ्यायची गरज नाही, असं मी ताईला म्हटलं होतं. परवा तिचा फोन आला, तिसरा कुठे मिळेल म्हणून. आईला निळा योशी हवाय.