जुळे सोलापुरातलं आमचं मैदान: दिवाळी ते श्रावण वापरल्यानंतरचा अनुभव

२०२४च्या दिवाळीनंतर आम्ही जुळे सोलापुरात राहायला आलो. तेव्हापासून घरामागच्या मैदानाशिवाय आम्हा मायलेकींचा दिवस जात नाही. मुलगी आठवीत आहे, खो-खो खेळते. मी सकाळी चालते. हिवाळा, उन्हाळा आणि निम्मा पावसाळा बघून झाला, म्हणून आता सविस्तर लिहिते. मैदान मला मनापासून आवडलंय आणि खाली ज्या तक्रारी आहेत, त्याही त्याच मायेपोटी.

जागा तशी बेताचीच. तीन बाजूंनी तारेचं कुंपण, एका बाजूला बसायला दोन-तीन पायऱ्या. खो-खोचं एक मैदान, कबड्डीची दोन, व्हॉलीबॉलचे खांब, लांब उडीचा खड्डा, मधे क्रिकेटपुरती मोकळी जागा आणि भोवतीनं फक्कीनं आखलेली पळायची फेरी. हे सगळं एका वेळी चालूच शकत नाही. चालतं ते वेळा वाटून घेतल्यामुळे. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, उजाडल्यावर चालणारे, दुपारी जो येईल तो, संध्याकाळी पाच ते सात खो-खो आणि कबड्डी, रविवारची सकाळ क्रिकेटला. हे कुठल्या बोर्डावर लिहिलेलं नाही. जुन्या खेळाडूंनी घडी बसवून दिली आणि आजची पोरं ती पाळतात. शनिवारी दुपारची मॅच कितीही रंगात आलेली असो, पाचला खो-खोचे सर शिट्टी मारतात आणि स्टंप निघतात. कुरकूर होते, भांडण होत नाही. मला विचाराल तर या मैदानाची खरी किंमत या शिस्तीत आहे.

पहाटे पाचला एकदा येऊन बघाच. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारले तर पूर्ण २० गुण, मुलींना ८०० मीटरसाठी ही मर्यादा २ मिनिटं ५० सेकंद. इथली फेरी ३२० मीटरची आहे, म्हणजे मुलांच्या बरोबर पाच फेऱ्या आणि मुलींच्या अडीच. वळणं अरुंद असल्यानं मोठ्या ट्रॅकपेक्षा इथे वेळ थोडा जास्त लागतो, तो हिशेब पोरांना तोंडपाठ आहे. मंद्रूप, वळसंग अशा गावांकडची कितीतरी मुलं-मुली आसपास खोली करून राहिलीत. मुलींचा गोळा चार किलोचा, आणि तो एकच, सगळ्यांत मिळून. एक जण तळहाताला माती चोळते, गोळा मानेशी घट्ट धरते, फेकते, समोर उभी असलेली मैत्रीण तो पडला तिथे चपलेच्या टाचेनं रेघ ओढते आणि ओरडून सांगते, "कालच्यापेक्षा वीतभर पुढं गं!" क्लासची फी परवडत नाही अशा घरातली ही लेकरं आहेत. त्यांची तयारी या मातीवर होते, फुकट होते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

खो-खोबद्दल जास्त लिहिणार, कारण संध्याकाळी मी तिथेच बसलेली असते. जानेवारी २०२५ मध्ये, इकडे सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरलेली असतानाच, दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक सुरू झाला आणि भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. पुढच्याच आठवड्यात मैदानावर नव्या मुली दिसायला लागल्या. तोवर "पोरगी गुडघे फोडून घेते" म्हणणारे पालक स्वतः सोडायला यायला लागले. सर सुरुवातीला कुणालाच सूर मारू देत नाहीत. आधी पाटीवर नीट बसायचं, खो मिळाला की पहिलं पाऊल कुठं टाकायचं, खांबाला वळसा घालताना अंग कसं झुकवायचं, हेच पुन्हा पुन्हा घोटून घेतात. "पायाकडं बघ गं, तोंडाकडं काय बघायलीस!" हे वाक्य माझ्या मुलीच्या झोपेतही येत असेल. शहराच्या पूर्व भागातून एक-दोघी सायकलवर येतात, त्या आपसात तेलुगू बोलतात, दोघी कानडी बोलणाऱ्या आहेत, खेळताना सगळ्यांचं मराठी-हिंदी मिसळून चालतं. मुलीच्या मैत्रिणी शाळेपेक्षा इथे जास्त झाल्या.

क्रिकेट मला फारसं कळत नाही. टेनिस बॉलवर चालतं, पोरं जीव तोडून खेळतात. आपल्या सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी २०२४चा १९ वर्षांखालचा विश्वचषक खेळला, त्याचं नाव इथे रोज निघतं. टर्फवर तासाला पैसे मोजावे लागतात, इथे नाही, एवढं नक्की.

आता मातीचं. आपली जमीन काळी. उन्हात भेगा पडतात, पावसात फुगते आणि चिकटते. इथे वर मुरूम आणि लाल मातीचा थर दिलाय, पण कडेला तो झिजलाय. त्यामुळे एक चांगला पाऊस झाला की पश्चिमेच्या कोपऱ्यात तळं होतं आणि दोन-तीन दिवस खो-खो बंद. मे महिन्यात उलट त्रास. पारा ४२-४३ वर, मैदान खडखडीत, पाणी मारल्याशिवाय खेळताच येत नाही. आणि आपल्याकडे नळालाच काही दिवसांआड पाणी, तर मैदानाला कुठून येणार? पालक वर्गणी काढून अधूनमधून टँकर मागवतात. काही जणांना वाटतं की इथे सिंथेटिक करून टाकावं. मला पटत नाही. विश्वचषक मॅटवर झाला हे खरं. पण मॅट आली की कुलूप येतं, कुलूप आलं की फी येते, आणि पहाटेची ती पोरं बाहेर राहतात. मुरूम आणि लाल माती घाला, रोलर फिरवा, पाण्याला वाट काढून द्या, एवढ्यानं भागतं.

सगळ्यात जास्त राग येतो तो मंडपांचा. लग्नसराईत जागा भाड्यानं जाते. मंडप निघतो, खड्डे आणि खिळे मागे राहतात. एका कबड्डीपटूचा घोटा अशाच खड्ड्यात मुरगळला आणि त्याचा हंगाम गेला. यंत्रमाग कारखान्यातून निवृत्त झालेले एक आण्णा आहेत. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून ते कबड्डीच्या मैदानावरून सावकाश ओढत नेतात. खिळे, टाचण्या, तारेचे तुकडे, मूठभर लोखंड निघतं. हे त्यांना करावं लागू नये. मंडपवाल्यांनी खड्डे बुजवले, खिळे वेचले तरच भाडं घेणाऱ्यांनी त्यांची अनामत परत द्यावी, असा अर्ज आम्ही पालकांनी दिलाय. उत्तर अजून नाही. श्रावण संपला की पुन्हा विचारायला जाणार आहोत.

मुलींचं स्वच्छतागृह आहे, पण बहुतेक वेळा बंद. किल्ली राखणदाराकडे, तो संध्याकाळी पाचनंतर येतो. पहाटेच्या मुलींनी काय करायचं? मोठ्या खांबावरचे निम्मे दिवे लागत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यात सहानंतर खेळ आवरता घ्यावा लागतो. या दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत.

लेकराला खो-खोला घालणार असाल तर संध्याकाळी पाचच्या दहा मिनिटं आधी या आणि थेट सरांना भेटा. फी नाही. पाण्याची बाटली घरून आणा, गुडघ्याला पट्टी बांधा, पहिला महिना अंग दुखेल. नुसतं चालायला येणार असाल तर सकाळी सहानंतर या आणि बाहेरच्या कडेनं चाला, आतली लेन भरतीच्या पोरांसाठी मोकळी ठेवा.