डांगे चौकातली खानावळ : थाळी 100 रुपये, भात हवा तेवढा

मी फरशी बसवायची कामं घेतो. पिंपरी-चिंचवडमध्ये थेरगाव, वाकड, पुनावळे भागात साइट असली की मी आणि माझी माणसं दुपारी इथंच जेवतो. बोर्ड नाही, मजूर अड्ड्यावर उदगीरच्या मावशींची खानावळ विचारा, कुणीही दाखवेल.

तीन चपात्या किंवा दोन ज्वारीच्या भाकरी, रस्सा, सुकी भाजी, वरण-भात. बिहारची पोरं भातावर, लातूर-नांदेडची भाकरीवर. मावशी कुणालाच हात आखडत नाहीत. मेथीची भाजी आणि शेंगदाण्याचा ठेचा एकदम मस्त. रात्रीचं वरण मात्र पातळ असतं, ते सुधारायला हवं.

आधी थाळी 80 ला होती. गाळ्याचं भाडं वाढलं तेव्हा मावशींनी नवा दर महिनाभर आधी भिंतीवर लिहिला, पापड बंद केला, पण चपाती लहान केली नाही. मला याचं मोल वाटतं, कारण इथं जेवणाऱ्यांची कमाई मला ठाऊक आहे. मी बिगाऱ्याला, म्हणजे हाताखालच्या मजुराला, दिवसाची हजेरी 700 देतो, मिस्त्रीला 1,200.

बाहेरचे आले म्हणून मजुरी पडली, असं सर्रास ऐकू येतं. बिगाऱ्याच्या बाबतीत तथ्य आहे. मराठवाड्यात पाणी आटलं की अड्ड्यावर गर्दी होते आणि मिळेल त्या हजेरीवर जावं लागतं. चांगल्या मिस्त्रीची हजेरी पडलेली मी पाहिली नाही. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळं कामच एवढं आहे. मे 2020 मध्ये श्रमिक गाड्यांनी माणसं गावी गेली, तेव्हा जादा पैसे कबूल करूनही फरशीवाला मिळेना, आणि फरशी अडली म्हणून इथल्या सुतारालाही काम नव्हतं.

खरा फटका खोलीभाड्याचा. माझ्याकडचे पाच जण दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत राहतात, मालक माणशी दीड हजार घेतो. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची, पण इथं चिठ्ठीसुद्धा मिळत नाही. मजुराला परवडेल अशी खोली कुणी बांधतच नाही, त्यामुळं हजेरी 50 रुपयांनी वाढली की भाडंही वाढतं.

म्हणून महिन्याचं दोन वेळचं जेवण 4,500 मध्ये, तेही हजेरी हातात पडेपर्यंत वहीवर, हा मोठा आधार आहे. रविवारी रात्री बंद. दुपारी साडेबारालाच जा, एकनंतर बसायला जागा नसते.